ऑनलाइन लघुपट महोत्सव: आलेली फिल्म ही अमानत आहे

आमच्या कोरेगावातल्या एका माजी विद्यार्थ्याने दोन वर्षांपूर्वी सात मिनिटांची फिल्म बनवली होती. आजोबांचं शिलाई मशीन विकायला निघालंय, एवढीच गोष्ट. शूटिंग मोबाईलवर, आवाजासाठी मित्राचा दुसरा मोबाईल आणि लाईट म्हणजे खिडकीतलं ऊन. फिल्म त्याने एका ऑनलाइन महोत्सवाला पाठवली, पाचशे रुपये प्रवेश फी भरली. महिन्याभराने मेलवर सर्टिफिकेट आलं. त्यावर त्याचं नाव चुकलेलं होतं. फिल्म कधी दाखवली, परीक्षक कोण होते, किती जणांनी पाहिली, काही कळलं नाही. दोन मेल केले, उत्तर नाही. सर्टिफिकेट घरी दाखवलं तेव्हा आईने एकच विचारलं, "लोकांनी बघितली का रे?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

तोच मुलगा यंदा चार-पाच मित्रमैत्रिणींना घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "सर, आपणच एक ऑनलाइन शॉर्ट फिल्म फेस्टिव्हल घेऊ या. आपल्या तालुक्यातल्या पोरांचा." उत्साह भरपूर होता. पोस्टरही तयार होतं! फक्त महोत्सव कसा घ्यायचा, हे ठरलेलं नव्हतं. त्यानंतर बऱ्याच संध्याकाळी आम्ही सगळे एकत्र बसलो, माहिती काढली, वाद घातले, यादी केली. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडत आहोत. गावोगावच्या आपल्या तरुणांना उपयोग व्हावा, हाच हेतू.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कुणीतरी मेहनतीने बनवलेली फिल्म आपल्याकडे विश्वासाने पाठवतो, तेव्हा ती आपल्याकडे अमानत असते. ती नीट सांभाळायची, लोकांपर्यंत पोचवायची आणि शेवटी पाठवणाऱ्याला हिशेब द्यायचा. महोत्सवाचं सगळं नियोजन आणि सगळा प्रचार या एका गोष्टीतून निघतो. ही गोष्ट सुटली, तर पोस्टर कितीही देखणं असो, आपणही कुणाला तरी चुकीच्या नावाचं सर्टिफिकेटच पाठवणार.

लघुपट म्हणजे किती लघु?

याचं जगभर एकच माप नाही. ऑस्कर पुरस्कारात नामावलीसह ४० मिनिटांपर्यंतची फिल्म लघुपट धरतात. गावपातळीवरच्या ऑनलाइन महोत्सवाला एवढी मोठी मर्यादा झेपत नाही. आमच्या मते तीन ते दहा मिनिटं हे माप बरं. मोबाईलवर पाहणारा माणूस तेवढा वेळ थांबतो आणि नवख्या पोरांना तेवढीच गोष्ट नीट सांगता येते.

लघुपट म्हणजे मोठ्या सिनेमाची गरीब बहीण, असा एक गैरसमज आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी अहमदनगरला जनसंज्ञापनाचं शिक्षण घेताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या एका गरीब पोराची ती गोष्ट. त्याला ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. 'फँड्री' आणि 'सैराट' त्यानंतर आले. उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी' हाही लघुपटच आणि त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार होता. मुंबईत माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठी आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून भरतो. म्हणजे हे क्षेत्र जुनं आहे, मानाचं आहे. फक्त त्याचा रस्ता आपल्या गावापर्यंत आला नव्हता.

ऑनलाइनचं दार कसं उघडलं?

२०२० साली लॉकडाऊन लागलं आणि जगभरचे महोत्सव अडकले. जर्मनीतल्या ओबरहाउझेनचा लघुपट महोत्सव १९५४ पासून चालत आलेला. त्याने त्या मे महिन्यात अख्खा महोत्सव ऑनलाइन घेतला. २९ मे ते ७ जून २०२० या काळात ट्रायबेका आणि यूट्यूबने मिळून 'वी आर वन' नावाचा महोत्सव भरवला. वीसहून जास्त नामांकित महोत्सवांनी त्यात फिल्म दिल्या, आपल्या मुंबईचा 'मामी'ही त्यात होता. यूट्यूबवर, फुकट. ज्या महोत्सवांना जायला तिकीट, विमान आणि ओळख लागायची, ते कोरेगावच्या स्टेशनवर गाडीची वाट बघणारा पोरगाही मोबाईलवर पाहू शकत होता.

दार उघडलं ते चांगलंच झालं. पण त्याच दारातून दुसरी मंडळीही आत आली. एक वेबपेज, एक भारदस्त इंग्रजी नाव, प्रवेश फी आणि सोनेरी पानांच्या तुऱ्याचं चिन्ह, की झाला 'आंतरराष्ट्रीय' महोत्सव! पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना बक्षीस आणि पाहणारे शून्य. आमच्या पोराचे पाचशे रुपये असेच गेले. म्हणून ऑनलाइन म्हणजे सोपं, हा समज पहिल्या बैठकीतच सोडून द्या. हॉलमध्ये दाराशी उभं राहून लोक मोजता येतात, रिकाम्या खुर्च्या दिसतात. ऑनलाइनमध्ये रिकाम्या खुर्च्या दिसत नाहीत, म्हणून त्या भरायची काळजी जास्त घ्यावी लागते.

मालेगावचा धडा

आपल्याला लांब जायची गरज नाही. मालेगावच्या नासिर शेख यांचा व्हिडिओ पार्लर होता. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी २००० साली 'मालेगाव के शोले' बनवला. कलाकार गावातलेच, पैसा तुटपुंजा, भाषा मालेगावच्या गल्लीतली. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' करायला घेतला. त्यात सुपरमॅन झालेला तरुण यंत्रमागावर काम करणारा होता. ही फिल्म बनताना फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि मालेगावचं नाव देश-परदेशातल्या महोत्सवांत गेलं. रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपट २०२४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला थिएटरमध्ये आला.

मालेगावचं नाव एरवी बातम्यांत कशासाठी येतं, ते आपल्याला माहीत आहे. या पोरांनी त्या नावाला दुसरी ओळख दिली. ती देताना त्यांनी जगाला खूश करण्याचा विचार केला नव्हता. त्यांचा पहिला प्रेक्षक मालेगावचाच होता. जग नंतर आलं. म्हणून आमच्या पोरांच्या पोस्टरवरचा 'इंटरनॅशनल' शब्द आम्ही खोडायला लावला. कोरेगाव, रहिमतपूर आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं आधी बघू देत.

नियोजन: शेवटापासून मागे मोजा

आधी कामं वाटा. आठ जण पुरतात. एक समन्वयक, दोघे फिल्म नोंदवणारे, एक तांत्रिक बाजू बघणारा, दोघे प्रचाराला, एक प्रतिक्रिया सांभाळणारा आणि एक हिशेबाला. पण प्रत्येक काम किमान दोघांना यायला हवं. ही स्वयंसेवक मुलं आहेत. कुणाची परीक्षा येते, कुणाच्या घरी लग्न निघतं, कुणाला उसाच्या शेतावर जावं लागतं. एकाच्या डोक्यात सगळं असलं, की तो आजारी पडल्यावर महोत्सवही आजारी पडतो. म्हणून सगळं एका वहीत लिहा.

मग तारीख. आपल्याकडे दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. रमजान दर वर्षी साधारण दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, म्हणून गेल्या वर्षीचा अंदाज धरू नका. शुक्रवारची दुपार टाळा. संध्याकाळी मगरिब आणि इशा यांच्यामधला वेळ अपुरा पडतो, तेव्हा इशानंतर ठेवा. दिवाळी, गावची जत्रा, क्रिकेटचा मोठा सामना हेही बघा. प्रेक्षक सगळ्या गावाचे हवे असतील तर कॅलेंडरही सगळ्या गावाचं बघावं लागतं.

तारीख ठरली की मागे मोजत या. आम्ही दहा आठवडे धरले. शेवटचे दोन आठवडे तपासणी आणि प्रचाराचा जोर, त्याआधी दोन आठवडे निवड, त्याआधी पाच आठवडे फिल्म मागवायला आणि पहिला आठवडा नियम ठरवायला.

निवडीला दोन आठवडे कशाला, असं मुलांनी विचारलं. तेव्हा फळ्यावर हिशेब मांडला. समजा ४० फिल्म आल्या, प्रत्येकी सरासरी ७ मिनिटांच्या. झाले २८० मिनिटं, म्हणजे पावणेपाच तासांच्या आसपास. प्रत्येक फिल्म तिघांनी पाहायची तर १४ तास. शिवाय चर्चा. हे एका रविवारी उरकायला गेलं, तर शेवटच्या दहा फिल्म कुणीच धड पाहणार नाही. त्या शेवटच्या दहांत एखादं शिलाई मशीन असू शकतं.

निवडलेल्या फिल्म बारापेक्षा जास्त नकोत. तीन संध्याकाळी, रोज चार. म्हणजे रोज अर्ध्या तासाचा कार्यक्रम आणि त्यानंतर पंधरा मिनिटं बनवणाऱ्यांशी गप्पा. प्रेक्षक "अजून थोडं हवं होतं" म्हणत उठला पाहिजे.

नियम: साधे पण लेखी

प्रवेश फी ठेवू नका. या महोत्सवाला खर्च फार नाही, आणि फी घेतली की पोरं विश्वासाने बघत नाहीत. स्थानिक दुकानदाराने बक्षिसाला मदत केली तर घ्या, पण जमा किती, खर्च किती, हे शेवटी जाहीर करा. रक्कम दोन हजार असली तरी.

फिल्मचा हक्क बनवणाऱ्याकडेच राहील, असं फॉर्मवर स्पष्ट लिहा. आपण फक्त ठरलेल्या दिवसांसाठी दाखवायची परवानगी घेतोय. महोत्सव संपल्यावर फिल्म आपल्या चॅनेलवर ठेवायची की काढायची, हे त्याने ठरवायचं. निवड कोण करणार आणि कशावर करणार, हेही आधीच छापा. परीक्षकाच्या घरातल्या कुणाची फिल्म असेल तर त्या फिल्मपुरतं त्याने बाजूला बसावं.

संगीताचा घोळ सगळ्यात जास्त होतो. "दहा सेकंद गाणं वापरलं तर चालतं" ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात दहा सेकंदांची अशी सरसकट सूट नाही. यूट्यूबची यंत्रणा गाणं आपोआप ओळखते आणि ऐन वेळी व्हिडिओ अडकू शकतो. आपल्याकडे एक वेगळा गैरसमज आहे. नात किंवा कव्वाली धार्मिक आहे, म्हणजे ती वापरायला मोकळी, असं पोरांना वाटतं. पण ज्याने ती रेकॉर्ड केली, त्या रेकॉर्डिंगवर त्याचा हक्क असतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट वापरायचं संगीत मिळतं. त्याहून चांगलं म्हणजे गावातले खरे आवाज. पहाटेची एसटी, पिठाची गिरणी, स्टेशनवरची घोषणा.

फिल्ममध्ये दिसणाऱ्यांची परवानगी घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी परवानगी हवीच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालकच धरलं आहे आणि पालकांच्या संमतीची अट आहे. एखाद्या बाईने शूटिंगच्या वेळी हो म्हटलं आणि नंतर नको म्हटलं, तर तो सीन काढायचा. त्यावर वाद घालायचा नाही.

तांत्रिक बाजू: छोट्या गोष्टी मोठा घात करतात

फिल्म कशा मागवणार? गूगल फॉर्मवर फाईल जोडायची सोय आहे, पण त्यासाठी पाठवणाऱ्याला गूगल खात्यात लॉग-इन करावं लागतं आणि सगळ्या फाईल आपल्या ड्राईव्हमध्ये येऊन पडतात. फुकट जागा १५ जीबी, तीही मेल आणि फोटोंसह. मोबाईलवरची फुल एचडी दहा मिनिटांची फाईल एक जीबीच्या पुढे सहज जाते. चाळीस फिल्म आल्या की फॉर्मच बंद पडेल. म्हणून पाठवणाऱ्याला यूट्यूबवर 'अनलिस्टेड' टाकून किंवा स्वतःच्या ड्राईव्हवर ठेवून फक्त लिंक पाठवायला सांगा. मूळ फाईल निवड झालेल्यांकडूनच घ्या.

दाखवण्यासाठी यूट्यूबचा 'प्रीमिअर' हा पर्याय सोयीचा आहे. वेळ आधी लावून ठेवता येते, लिंक आधी वाटता येते आणि ठरलेल्या वेळी सगळे एकदमच बघतात, शेजारी चॅटवर बोलतातही. प्रीमिअर चालू असताना प्रेक्षकाला पुढे पळवता येत नाही. थिएटरमध्ये बसल्यासारखंच. १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढवायचा तर चॅनेलचा फोन नंबर पडताळून घ्यावा लागतो. चार फिल्मचा अर्ध्या तासाचा एकच व्हिडिओ करणार असाल, तर हे आठवडाभर आधी करा. फिल्मनंतरच्या गप्पा लाईव्ह घेणार असाल, तर पहिल्यांदा लाईव्ह सुरू करायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. कार्यक्रमाच्या संध्याकाळी हे कळलं तर हात चोळत बसायची वेळ येते. आणखी एक. व्हिडिओ 'मुलांसाठी' म्हणून नोंदवला की त्यावर प्रतिक्रिया आणि चॅट बंद होतात. फिल्ममध्ये मुलं आहेत म्हणजे फिल्म मुलांसाठी, असं नसतं. पर्याय वाचून निवडा.

एक रंगीत तालीम घ्या. तीही घरच्या वायफायवर नको. चौघांनी चार ठिकाणी, वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर, जुन्या मोबाईलवर बघायचं. आवाज कमी-जास्त होतो का, अक्षरं वाचता येतात का, हे तेव्हाच कळतं.

आणि सबटायटल. आपल्या घरात दखनी बोलतात, मदरशात-शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी. पोरं फिल्म घरच्या बोलीत करतात आणि तीच तिची गोडी. पण शेजारच्या काकूंना ती समजली पाहिजे, म्हणून मराठी सबटायटल सक्तीचं करा. यूट्यूबवर एकाच व्हिडिओला दोन-तीन भाषांची सबटायटल वेगवेगळी जोडता येतात. आमच्या मते गावातली दोन घरं एकमेकांची गोष्ट ऐकू लागण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

काही ठिकाणी हॉलमध्ये पडद्यावर दाखवण्याचा मोह होतो. तिथे नियम वेगळा आहे. जाहीर प्रदर्शनासाठी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं आणि महोत्सवांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. तेव्हा चौकशीशिवाय हॉल बुक करू नका.

प्रचार: पोस्टर फिरवणं म्हणजे प्रचार नव्हे

प्रचार दोनदा करायचा असतो. एकदा फिल्म मागवण्यासाठी, एकदा प्रेक्षक आणण्यासाठी. पोरं पहिला जोरात करतात आणि दुसऱ्याच्या वेळी दमलेली असतात.

फिल्म मागवताना 'विषय खुला' असं लिहिलं की नवखा पोरगा बुजतो आणि मग हाणामारीच सुचते. त्यापेक्षा त्याला आजूबाजूचं दाखवा. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, तो पिकवणाऱ्या घरातला एक दिवस. रहिमतपुरात रणदुल्लाखानाच्या नावाशी जोडलेली जुनी वास्तू आहे, आणि त्याच गावात नाटककार वसंत कानेटकरांचा जन्म झाला. सांगली जिल्ह्यात कडेगावला मोहरमचे उंच ताबूत निघतात, त्यात हिंदू-मुस्लिम दोघांचे हात लागतात. गॅरेजवाला, बेकरीतली भट्टी, ऊसतोड टोळीतली शाळा सुटलेली पोर. गोष्टी दारात उभ्या आहेत. पोस्टरबरोबर अशा दहा विषयांची यादी दिलीत तर दुप्पट फिल्म येतील.

प्रेक्षकांकडे जाताना व्हॉट्सॲपची एक मर्यादा समजून घ्या. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणजे अनोळखी नंबरांची यादी करून उपयोग नाही. आणि मोठ्या ग्रुपवर टाकलेली लिंक सुप्रभातच्या फुलांखाली अर्ध्या तासात गाडली जाते. त्यापेक्षा प्रत्येक स्वयंसेवकाने वीस घरं वाटून घ्यावीत आणि नाव घेऊन बोलावं. "चाची, बुधवारी इशानंतर साडेनऊला बघायचंय हां, आपल्या गल्लीतल्या पोरीची फिल्म आहे." आठ जणांची १६० घरं झाली. निवडलेल्या बारा जणांनी आपापल्या नातेवाइकांना सांगितलं की आकडा आपोआप वाढतो. पुण्या-मुंबईला, आखातात गेलेल्या आपल्या माणसांना तर गावचं काहीही दिसलं तरी हवंच असतं.

पोस्टरवर फक्त तीन गोष्टी मोठ्या हव्यात. काय, कधी, कुठे. मान्यवरांचे अठरा फोटो नकोत. चहाच्या टपरीवर, लायब्ररीत, सलूनमध्ये, कॉलेजच्या फळ्यावर छापील कागद लावा, त्यावर क्यूआर कोड ठेवा. निरोप तीनदा जावा. आठवडाभर आधी, आदल्या दिवशी आणि सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी लिंकसकट. रोज रोज पाठवलं तर लोक म्यूट करतात.

मुलींच्या सहभागाबद्दल थोडं. महोत्सवाची निम्मी जबाबदारी मुलींनी घेतली तर उत्तमच, पण त्यांच्या घरच्यांना विश्वास वाटेल अशी व्यवस्था आपण करायची. बैठका मगरिबच्या आत, शाळेत किंवा लायब्ररीत. पोस्टरवर कुणाही मुलीचा स्वतःचा मोबाईल नंबर देऊ नका. महोत्सवासाठी वेगळं सिम आणि वेगळा ईमेल ठेवा.

वडीलधाऱ्यांचंही तसंच. फिल्म बनवणं-बघणं याबद्दल आपल्या समाजात वेगवेगळी मतं आहेत. ती चेष्टेवारी नेऊ नका. ज्यांचा आक्षेप असेल त्यांना भेटा, निवडलेल्या एक-दोन फिल्म दाखवा. कुणी तरीही नको म्हणालं तर त्यांचा मान राखून पुढे जा. फिल्म म्हणजे नाचगाणंच, असं ज्यांना वाटतं, त्यांनी आजोबांचं शिलाई मशीन पाहिलेलं नसतं.

प्रतिक्रियांची राखण

सप्टेंबर २०२३ मध्ये आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यात, पुसेसावळीला काय झालं, ते सातारा जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह पोस्टचं निमित्त झालं, जमाव आला, मशिदीवर हल्ला झाला, एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्यात इंटरनेट बंद करावं लागलं. पासवर्ड आणि कमेंट या गोष्टी आपल्याकडे नुसत्या तांत्रिक राहिलेल्या नाहीत, त्या माणसांच्या जिवाशी येऊन ठेपल्यात.

म्हणून महोत्सवाच्या खात्याचा पासवर्ड तिघांपेक्षा जास्त जणांकडे नको. द्विस्तरीय पडताळणी लावा. दुसऱ्याच्या मोबाईलवर, सायबर कॅफेत लॉग-इन करून तसंच उठू नका. व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया तपासल्याशिवाय दिसणार नाहीत, असा पर्याय यूट्यूबवर आहे, तो चालू ठेवा. लाईव्ह चॅटवर दोन जण सतत बसवा. कुणी घाण लिहिलं तर उत्तर देऊ नका. स्क्रीनशॉट घ्या, प्रतिक्रिया काढा आणि मोठ्यांना सांगा. धमकी असेल तर पोलिसांकडे लेखी जा. आणि तो स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरवू नका. आग विझवायला निघालेला माणूसच पुष्कळदा ती पसरवतो.

आपल्या बाजूनेही तेवढीच काळजी हवी. कुठल्याही समाजाची टिंगल करणारी फिल्म निवडीत घेऊ नका, मग ती कितीही झकास असो. अन्याय दाखवणारी फिल्म जरूर घ्या. दुखणं दाखवणं वेगळं आणि डिवचणं वेगळं, हा फरक निवड करणाऱ्यांना कळला पाहिजे.

महोत्सव संपल्यावर खरी परीक्षा

पडदा पडला की स्वयंसेवक गायब होतात. खरं तर अमानत परत करायची वेळ तेव्हाच येते. निवड न झालेल्या प्रत्येकाला दोन ओळी लिहा. काय आवडलं आणि काय सुधारता येईल. अठ्ठावीस जणांना लिहायचं म्हणजे एका संध्याकाळचं काम, पण तो पोरगा पुन्हा कॅमेरा हातात घेईल की नाही, हे त्या दोन ओळींवर ठरतं. सर्टिफिकेट देताना नावाचं स्पेलिंग त्यालाच विचारून घ्या.

यूट्यूब स्टुडिओत व्ह्यूजचा आकडा दिसतो, त्यावर भुलू नका. शेजारीच लोक सरासरी किती वेळ थांबले, तेही दिसतं. हजार जणांनी उघडून वीस सेकंदांत बंद केलं, त्यापेक्षा दीडशे जणांनी शेवटपर्यंत पाहिलं हे मोठं यश. हा आकडा प्रत्येक फिल्मवाल्याला कळवा, कमी असला तरी खरा कळवा. ज्याने फिल्म काढून टाका म्हटलं, त्याची फिल्म ठरलेल्या दिवशी काढा.

आमच्या पोरांचं काम आता नियमांच्या फॉर्मपर्यंत आलं आहे. अजून तारीख पक्की नाही आणि घाईही नाही. शिलाई मशीनवाला पोरगा यंदा फिल्म पाठवणार नाही, कारण तो निवड समितीत आहे. हा नियम त्यानेच सुचवला. पण फॉर्म लिहिताना एक ओळ त्याने स्वतःहून वर घातली. 'तुमची फिल्म किती लोकांनी, किती वेळ पाहिली, हे आम्ही तुम्हाला लेखी कळवू.' त्या ओळीखाली आठही जणांच्या सह्या आहेत.

त्याच्या आईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या कुठल्या तरी मुलाकडे असावं, इतकंच या महोत्सवाचं ध्येय आहे. ते साधलं तर बाकीचं इन्शाअल्लाह आपोआप होईल.